घरून टॅली, अंबडला सर्व्हर : नऊ महिन्यांचा हिशेब

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. व्हीएमसी आणि सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी, मिळून सहा मशिनं, माणसं बावीस, ऑफिसात आम्ही चौघं. राहायला जेलरोडला. घरून ऑफिसची टॅली चालवायची आणि डेटा सांभाळायची यंत्रणा आम्ही बसवली. ती बसवणाऱ्यांचं मत कुठेही मिळेल. हे रोज तिच्यावर व्हाउचर टाकणारीचं मत आहे.

बसवलं ते असं. ऑफिसात दोन डिस्कची एनएएस पेटी, म्हणजे नेटवर्कवरचं साठवणीचं कपाट. बाहेरून आत यायला वायरगार्ड नावाचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची खाजगी वाट. पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डन. आणि जिथे सोय आहे तिथे पासवर्डनंतर ओटीपी किंवा फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोड. एकूण खर्च सत्तर हजारांच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त पेटी आणि डिस्कचा. वायरगार्ड फुकट आहे. बिटवॉर्डन एकट्यापुरतं फुकट मिळतं, पण चौघांत पासवर्ड वाटून घ्यायचे म्हणून आम्ही पैसे भरले.

हे सगळं हौसेने झालं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा आमच्या तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्याने राउटरमध्ये काहीतरी करून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून त्याचा स्क्रीन वापरायची सोय, थेट इंटरनेटवर उघडून दिला. घरबसल्या टॅली चालू झाली, सगळे खूश. पासवर्ड काय, तर कंपनीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. लॉकडाउन उठला, ते दार मात्र तसंच उघडं राहिलं. साडेपाच वर्षं. असे उघडे रिमोट डेस्कटॉप शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात, त्यांना नाशिक कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी टॅली उघडेना. सगळ्या फाइली कुलूपबंद आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, सोडवायच्या तर बिटकॉइन पाठवा. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता, पण तो कायम सीपीयूच्या पाठीमागे खोचलेला. तोही कुलूपबंद.

पैसे दिले नाहीत. सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि कामाला लागलो. सीएंकडे जुलैअखेरची प्रत होती, त्यापुढचं सगळं मी आणि ऑफिसातल्या मुलीने बारा-बारा तास बसून पुन्हा टाकलं. विक्री जीएसटीआर-१ या आम्ही भरलेल्या विवरणपत्रावरून, खरेदी पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या तक्त्यावरून, जमा-नावे बँकेच्या स्टेटमेंटवरून. ज्या सरकारी पोर्टलांना इतकी वर्षं शिव्या दिल्या त्यांनीच तेव्हा तारलं. जे पोर्टलवर नव्हतं ते गेलं. किरकोळ खर्चाची कॅश, जॉबवर्कची चलनं, इन्स्पेक्शन रिपोर्ट. मशिनचे बरेच प्रोग्रॅम मशिनच्याच मेमरीत होते म्हणून वाचले. उरलेले सुपरवायझर मामांनी ड्रॉइंग समोर ठेवून परत लिहिले.

आता अनुभव. वायरगार्डला माझे पूर्ण गुण. कोड जेमतेम चार हजार ओळींचा, २०२० पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच घेतलेला, असं बसवणाऱ्या मुलाने सांगितलं. मला आवडलं ते वेगळंच. किल्ली, म्हणजे त्यातला लांबलचक गुप्त कोड, जुळली नाही तर हे उत्तरच देत नाही. बाहेरून दार वाजवणाऱ्याला इथे दार आहे हेसुद्धा कळत नाही. प्रत्येक लॅपटॉपची, प्रत्येक मोबाइलची किल्ली वेगळी. साहेबांच्या फोनवर तर क्यूआर कोड दाखवला आणि झालं, त्यांना वाटलं यूपीआयच आहे.

बसवताना दोन आठवडे मात्र फुकट गेले. आमच्या ब्रॉडबँडला इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ताच नव्हता. एकाच पत्त्यामागे त्या कंपनीची कितीतरी गिऱ्हाइकं, त्यामुळे बाहेरून आमच्यापर्यंत यायला वाट नाही. शेवटी वर्षाचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतला. तुम्ही बसवणार असाल तर पेटी घ्यायच्या आधी ब्रॉडबँडवाल्याला हा प्रश्न विचारा.

दुसरी चूक माझी. व्हीपीएन लागल्यावर मी घरच्या लॅपटॉपवर टॅली टाकली आणि ऑफिसातलं डेटाचं फोल्डर लांबूनच उघडलं. लेजर उघडायला लावला आणि चहा ठेवून आले, तरी स्क्रीन तिथेच. दोष टॅलीचा नाही. इतक्या बारीक बारीक फाइली इतक्या लांबून एकेक करून ओढायच्या नसतात, मध्ये लाइन तुटली तर डेटा बिघडायची भीती वेगळीच. व्हीपीएनमधून आत जाऊन ऑफिसच्या मशिनचा रिमोट डेस्कटॉप घ्यायचा, टॅली तिथेच चालवायची, घरी नुसतं चित्र येतं. तेव्हापासून अंबडला बसल्यासारखीच चालते. फक्त प्रिंट कधीकधी ऑफिसातच निघते आणि शिपाई फोन करतो, “ताई, हे कुणाचं?”

व्हीपीएन टाकलं म्हणजे झालं, असं साहेबांचं म्हणणं होतं. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन, तिकडच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी, बंद पडली ती एका जुन्या व्हीपीएन खात्यामुळे. खातं वापरात नव्हतं, पासवर्ड बाहेर फुटलेला, आणि पासवर्डनंतर दुसरं काही विचारायची व्यवस्था नव्हती. हे सांगितल्यावर रिमोट डेस्कटॉपला वेगळा कोड लावायला साहेब तयार झाले. नोकरी सोडून गेलेल्या दोघांची खाती तोपर्यंत आमच्याकडेही जिवंतच होती.

ओटीपीची सगळ्यात जास्त भांडणं मात्र ई-वे बिलावरून, म्हणजे गाडीतून माल पाठवताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदावरून झाली. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलला सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. आमचा ओटीपी जायचा साहेबांच्या मोबाइलवर. गेटवर चाकणला जाणारा टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि साहेब गिऱ्हाइकाच्या मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. असं महिनोन् महिने चाललं. त्यावर कुणीतरी काढलेला तोडगा म्हणजे साहेबांचा जुना फोन ऑफिसातच ठेवायचा, लॉक न लावता! खरं उत्तर पोर्टलवरच होतं. सब-युजर, म्हणजे कंपनीच्या खात्याखालचा वेगळा लॉगिन, तयार करायचा, त्याला त्याचा मोबाइल नंबर जोडायचा, ओटीपी त्याच्याकडे येतो. पोर्टल चालवणाऱ्या एनआयसी या सरकारी संस्थेचं स्वतःचं ॲपही आहे, त्यात एसएमएसची वाट न बघता कोड मिळतो. आता डिस्पॅचच्या मुलाकडे त्याचा लॉगिन, माझ्याकडे माझा. बिल कुणी काढलं तेही दिसतं.

बिटवॉर्डनला सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध माझाच. माझी लाल डायरी होती ना. जीएसटी, टीडीएस, पीएफ, ईएसआय, दोन बँका, वर प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचं व्हेंडर पोर्टल. त्यातली काही पोर्टलं दर दीड-दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात, मग माणूस शेवटचा आकडा वाढवतो, दुसरं काय करणार? अमेरिकेची मानक संस्था निस्ट २०१७ पासूनच सांगते आहे की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांब पासवर्ड ठेवा. आमच्या गिऱ्हाइकांपर्यंत ते अजून पोचायचंय. आता ती कटकट बिटवॉर्डन करतं, मला एकच लांबलचक वाक्य पाठ ठेवावं लागतं. ते मराठीत आहे, एवढंच सांगते.

पेटीचं खरं रूप चौथ्या महिन्यात कळलं. रोज रात्री बॅकअप झाल्याचा मेल यायचा, हिरवी खूण. एका शनिवारी बसवणारा मुलगा म्हणाला, ताई, एकदा बॅकअप परत उतरवून बघू. बघितलं तर माझी सगळी एक्सेल आहेत, भाचीच्या लग्नाची यादीसुद्धा आहे, टॅलीचा डेटा नाही! बॅकअप डॉक्युमेंट्स फोल्डरचा लावलेला आणि टॅली डी ड्राइव्हवर. चार महिने ती हिरवी खूण बघून मी निवांत झोपत होते. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी वेगळ्या लॅपटॉपवर टॅली उतरवते, कालची शेवटची एंट्री आणि बँकेची शिल्लक जुळवते, मगच वहीत सही करते. पंचवीस मिनिटं लागतात.

दोन डिस्क आहेत म्हणजे दोन बॅकअप, असंही समजू नका. एका डिस्कवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरी चालते, इतकाच त्याचा उपयोग. म्हणून पेटी रोज आदल्या स्थितीचं स्नॅपशॉट ठेवते, शिवाय दोन बाहेरच्या डिस्क आळीपाळीने भरतात. एक ऑफिसात, एक साहेबांच्या घरी, वायर काढून, कपाटात.

वीज हा आमचा जुना आजार. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग सर्व्हर बंद. रविवारी बंद पडला तर घरून आत जाता येत नाही. पहिले दोन महिने मी वॉचमन काकांना फोन करायचे, “काका, निळा दिवा लागलाय का? नाही? मग त्याच्या शेजारचं गोल बटण दाबा. एकदाच.” एकदाच हा शब्द महत्त्वाचा, कारण काका दोनदा दाबायचे. वीज आली की मशिन आपोआप सुरू होईल अशी सेटिंग त्यातच असते, हे नंतर कळलं.

फेब्रुवारीत डिझाइनच्या मुलाचा फोन सीबीएसला बसमध्ये चढताना गेला. त्याची वायरगार्डची किल्ली पाच मिनिटांत रद्द केली, तिथवर झकास. पण ऑथेंटिकेटर त्याच फोनवर, त्यामुळे तो स्वतःच बाहेर. फोन गेला तर आत यायला बसवताना दिलेले रिकव्हरी कोड कुणीच छापले नव्हते. अर्धा दिवस गेला. आता चौघांचे कोड छापून पाकिटात, पाकिटं तिजोरीत, कॅशच्या शेजारी. तिजोरीच्या किल्लीचे नियम आमच्याकडे वीस वर्षं पक्के आहेत, नवीन काही शिकवावं लागलं नाही.

आता ज्यात यातलं एकही यंत्र कामी आलं नाही ती गोष्ट. मेमध्ये आमच्या कोल्हापूरच्या कास्टिंगवाल्यांचा मेल आला, खातं बदललंय, यापुढे इथे पैसे भरा. लेटरहेड त्यांचं, खाली सही त्यांची, आधीच्या मेलची साखळीसुद्धा जोडलेली. रक्कम चार लाखांच्या वर. मी त्यांना लेजरमधल्या जुन्या नंबरवर फोन लावला. “वहिनी, आम्ही कशाला खातं बदलू?” मग मेलचा पत्ता चष्मा लावून बघितला. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून लिहिलेले होते. आता एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय आहे, ती वापरतेच. तरी खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन, हा नियम साहेबांसह सगळ्यांना. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर १९३० हा नंबर ताबडतोब फिरवायचा, तो फोनशेजारी चिकटवलाय.

शॉपफ्लोअरवर मात्र या सगळ्याचं पान हललं नाही. एका जुन्या मशिनला जोडलेला पीसी विंडोज ७ वर आहे. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, पण नवीन विंडोजवर त्या मशिनचं सॉफ्टवेअर चालत नाही. मग त्याचं इंटरनेट तोडलं आणि प्रोग्रॅम न्यायला एकच पेनड्राइव्ह ठेवला, पिवळी रिबीन बांधलेला. मामांनी त्यात गाणी भरायला सुरुवात केली होती, ती बंद करायला दोन महिने लागले. मामांचं म्हणणं, रिबीन बांधायचीच होती तर आधी सांगायचं.

घ्यावं का? आमच्याएवढ्या कारखान्याला, हो. फक्त बसवून देणारा महिन्यातून एकदा येईल असं ठरवून घ्या, आणि त्याचे पैसे पेटीच्या किमतीत धरू नका. मला स्वतःला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला मिळाले. द्वारका चौकाच्या गर्दीत रोज जाऊन-येऊन दोन तास जायचे, त्यात आता सिंहस्थाच्या रस्त्यांची कामं. २०१५ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवसांत मी पगारपत्रक पेनड्राइव्हवर घेऊन घरी बसले होते आणि तो पेनड्राइव्ह कणकेच्या डब्यात सापडला होता. २०२७ ला ते होणार नाही.

स्टॅटिक आयपीचं वर्ष दिवाळीच्या आधी संपतंय. आठवणीचा मेल येईल असं ब्रॉडबँडवाले म्हणतात. तारीख मी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.