जाहिरातीचा खर्च की पानांची मेहनत? गोव्यातल्या छोट्या होमस्टेवाल्यांसाठी

होमस्टे, मसाल्याची बाग, छोटी खानावळ, काहीही चालवत असा. वेबसाइट तयार झाली की प्रश्न येतोच. शोधात वर दिसायचं तर जाहिरातींवर पैसे घालायचे, की पानं लिहून ऑरगॅनिक, म्हणजे पैसे न मोजता मिळणारी, जागा मिळवायची? दिवाडी बेटासमोरच्या नार्वे गावातल्या आमच्या होमस्टेसाठी दोन्ही करून पाहिलं आहे. कीवर्ड, क्लिक, रँक या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहितो.

जाहिरातीची जमेची बाजू म्हणजे वेग. नाताळच्या तोंडावर खोल्या रिकाम्या असतील तर चार दिवसांत माणसं आणणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. प्रत्येक शोधागणिक लिलाव होतो, पण त्यात नुसती बोली बघत नाहीत, जाहिरातीचा आणि पानाचा दर्जाही धरतात. त्यामुळे मोठ्या हॉटेलांपुढे आपला निभावच लागत नाही, असंही नाही.

मला खटकलं ते वेगळंच. लोकांनी नेमकं काय शोधल्यावर आपली जाहिरात दाबली, याची यादी गूगलच्या जाहिरात खात्यात मिळते. आमचे कीवर्ड होते ‘दिवाडी होमस्टे’, ‘नार्वे मुक्काम’ असे. यादीत मात्र भरणा ‘दिवाडी फेरीबोट वेळ’, ‘फेरीत कार नेता येते का’ असल्या शोधांचा. धक्क्यावर उभा राहून माणूस मोबाइलवर फेरी कधी सुटते ते बघतो, सगळ्यांत वर दिसेल ते दाबतो आणि त्या क्लिकचे पैसे आमचे जातात. त्याचा काय दोष? त्याला पलीकडे जायचंय. ब्रॉड मॅच या सैल जुळणीत कीवर्डच्या जवळपासच्या अर्थाचे शोधही धरले जातात. निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे नको असलेल्या शब्दांच्या यादीत, ‘फेरी’ घातलं तर ‘बोट टायमिंग’ आलं; ते अडवलं तर बोंदेरा या दिवाडीच्या उत्सवाच्या दिवसांत ‘दिवाडी पार्किंग’. एक्झॅक्ट मॅच, म्हणजे फक्त कीवर्डच्याच अर्थाचे शोध धरणारा पर्याय, लावला की हे बरंच आटोक्यात येतं, पण आमच्या एवढ्याशा गावात मुक्काम शोधणारे मुळात मोजके. मग जाहिरात दिसतच नाही. एखाद्याकडे रोज ही यादी निवडत बसायला माणूस असेल, तर त्याचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

पण याच यादीने मला दुसरी वाट दाखवली. लोकांना फेरीची माहिती हवी आहे ना, मग तिचंच एक पान केलं. नार्व्याहून फेरी कुठून सुटते, चारचाकी कशी चढवायची, दिवाडीहून सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला यायचं तर उतरल्यावर कुठे वळायचं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळाची माहितीही तिथेच, मराठीत. शीर्षकात आमचं नाव न घालता लोक विचारतात तो प्रश्नच घातला आणि खाली खोल्यांच्या पानाची लिंक दिली. जाहिरातीत जो क्लिक अंगावर यायचा, तो इथे फुकट येतो. त्यातलाच कोणी देवळाहून परतताना फोन करून खोली आहे का विचारतो.

यात तांत्रिक भाग थोडाच. क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, लिंकवरून लिंकवर जातो, तेव्हा नव्या पानाची लिंक मुखपृष्ठावरून द्या आणि वेबसाइटवाल्यांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये इंडेक्ससाठी, म्हणजे पान शोधाच्या सूचीत घेण्यासाठी, विनंती करा. गूगल पानाची मोबाइलवरची आवृत्ती वाचतं, म्हणून फोटो हलके करा. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहायची कीवर्डची यादी) भरून देण्याचे पैसे मात्र कोणाला देऊ नका. रँकिंगसाठी तो आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

उणीव एकच, पण मोठी. इथे धीर लागतो. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षही लागू शकतं, असं गूगलच सांगतं. आणि जाहिरातीवर पैसे घातले म्हणून ऑरगॅनिक रँक वर जात नाही, त्यामुळे ‘थोडी जाहिरात करू, पानंही वर येतील’ हा हिशेब जुळत नाही.

तुमचा होमस्टे याच डिसेंबरात उघडणार असेल, तर एक्झॅक्ट मॅच लावून, रोजच्या खर्चाला मर्यादा घालून हंगामापुरती जाहिरात जरूर करा. बाकीच्यांना मी पानांकडेच वळा म्हणेन. पाहुणे फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं एक पान मे महिन्यात लिहायला घ्या. पावसाळा संपेपर्यंत त्यांना मुरायला वेळ मिळतो.