वापरून झिजलेले तीन खिशातले चाकू: स्पार्टन, वेव्ह आणि ओपिनेल

नव्या चाकूचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात. खोकं उघडलं, कागद कापला, पाच तारे दिले, संपलं. तोच चाकू चार-पाच वर्षं रोज खिशात राहिला की कुठे ढिला होतो, काय आधी तुटतं आणि काय शेवटपर्यंत टिकतं, ते मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून इथे तीन पुरते वापरलेले नग घेतले आहेत: व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन, लेदरमन वेव्ह आणि ओपिनेलचा ८ नंबर. वापर नाशकातला, म्हणजे सातपूर-अंबडच्या शॉपफ्लोअरवर, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आणि सुट्टीच्या दिवशी अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या वाटेवर.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकच घ्यायचा असेल तर स्पार्टन. रोज पक्कड लागत असेल तर वेव्ह. ओपिनेल फळं-भाकरी कापायला तिघांत सगळ्यात गोड, पण पावसाळ्यात त्याचे नखरे सोसायची तयारी हवी.

स्पार्टन मिटलेला ९१ मिलिमीटरचा, वजन साधारण ६० ग्रॅम. शर्टाच्या खिशातही जड वाटत नाही. मोठं पातं, छोटं पातं, डबा फोडायचं हत्यार, बाटली उघडायचं हत्यार, टोच्या, कॉर्कस्क्रू, चिमटा, दातकोरणी, किल्लीची कडी, एवढाच संसार. डबा फोडायच्या हत्याराचं टोक ३ मिलिमीटरचं आहे. ते छोट्या चौफुलीच्या स्क्रूलाही चालतं आणि खरं तर रोज सगळ्यात जास्त तेच उघडलं जातं. त्यामुळे जुन्या स्पार्टनमध्ये पात्याआधी हेच टोक गोल झालेलं दिसतं. बारीक कानसेने दोन-तीन हात मारून टोक पुन्हा सरळ चौकोनी केलं की काम भागतं. कॉर्कस्क्रूबद्दल एवढंच, की वाइनच्या गावात राहूनही तो मुख्यतः गच्च बसलेल्या गाठी सोडवायला वापरला जातो, आणि त्यात तो खरोखर पटाईत आहे.

दातकोरणी आणि चिमटा सगळ्यात आधी हरवतात, पण दोन्ही सुटे मिळतात. लाल प्लास्टिकच्या बाजू पितळी रिव्हेटच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे चिरल्या तर नव्या बसवता येतात. मात्र चाकू उकळत्या पाण्यात टाकू नका आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर विसरू नका. प्लास्टिक वाकतं आणि मग कितीही दाबलं तरी धड बसत नाही. कात्री असलेलं मॉडेल असेल तर कात्रीची बारीक स्प्रिंग कधीतरी तुटणारच. तीही सुटी मिळते आणि घरी बसवता येते.

या चाकूला खटका नाही, पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. म्हणून टोकाने भोसकायचं, खुपसून भोक पाडायचं काम याच्याकडून घ्यायचं नाही. पातं बोटांवर मिटतं. भोक पाडायला टोच्या आहे, आणि तोही फिरवत दाबायचा, ठोकायचा नाही.

जुना स्पार्टन तपासताना पात्याकडे नंतर बघा, आधी सांध्याकडे. पातं पूर्ण उघडून पाठीवरून अंगठा फिरवा. स्प्रिंग बाजूच्या पत्र्यांशी समपातळीत लागली पाहिजे. मग मूठ डाव्या हातात धरून पातं आडवं हलवा. केसभर हललं तर चालेल, डुगडुगलं तर सांध्याची पिन सैल झाली आहे. यावर उपाय आहे: बाजूचं प्लास्टिक काढा, पिनेचं एक टोक सपाट लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या टोकावर छोट्या हातोडीने हलके चार-पाच ठोके द्या. प्रत्येक ठोक्यानंतर पातं उघडून-मिटून बघा. एक ठोका जास्त पडला की पातं इतकं आवळतं की उघडताना नख तुटतं. शेवटी पातं उघडून धार उजेडाकडे धरा. धारेच्या मध्यावर एक बारीक खळगा दिसला तर मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आहे. पात्याच्या बुंध्याशी जो छोटा उंचवटा पात्याला वर तोलून धरतो, तो धार लावताना कोणीतरी घासून टाकलेला असतो.

आणि हे कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा चाकावरचा धारवाला. त्याच्या चाकावर विळी, कोयता, कात्री उत्तम होते. खिशातल्या चाकूचं पातं जेमतेम १३-१४ मिलिमीटर रुंद. चाकावर दोन वेळा गेलं की बुंध्याशी खड्डा पडतो, टोक आखूड होतं, आणि कोरड्या चाकावर जास्त वेळ दाबलं तर धारेजवळ निळसर छटा येते. ती दिसली की समजा पात्याचं पाणी उतरलं. मग ती धार सकाळी लावली तर संध्याकाळी बोथट. तीन-चार वर्षांच्या प्रामाणिक वापराने जेवढं पोलाद झिजत नाही, तेवढं चाकावर पाच मिनिटांत जातं.

व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नाही, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५६च्या आसपास. कडक वस्तूवर धारेचा कपचा उडत नाही, धार फक्त वळते, आणि ती सरळ करायला दगड आणि दहा मिनिटं पुरतात. १००० ग्रिटचा पाण्याचा दगड दहा मिनिटं भिजवा आणि खाली ओलं फडकं घालून ओट्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ साडेतीन मिलिमीटर उचला. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. नाणी पाठीखाली ठेवून कोन एकदा डोळ्यांत बसवा, मग काढून टाका. आता दगडाचा पातळ थर कापल्यासारखं पातं पुढे ढकला, बुंध्यापासून टोकापर्यंत एका झोकात. टोकाशी मूठ किंचित वर घ्यायची, नाहीतर टोकाला धार लागतच नाही. एका बाजूला आठ-दहा हात झाले की दुसऱ्या बाजूवरून अंगठा धारेकडे आडवा सरकवा, धारेवरून लांबीत नव्हे. बारीक खरखर लागली तर बर आली, म्हणजे धारेवर पोलादाची बारीक कड पलीकडे वळली. ती बुंध्यापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्येच तुटली तर तिथे धार अजून बोथटच आहे. मग बाजू पालटा, तेवढेच हात. त्यानंतर दर बाजूला पाच, तीन, एक असे कमी दाबाचे हात देत बर उतरवा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत मागच्या बाजूवर पातं पाठीच्या दिशेने ओढा, दहा-बारा वेळा. जुन्या ‘देशदूत’चं पान हातात लोंबतं धरून कापून बघा. सरळ गेलं तर झालं. कागद अडकून फाटला त्या जागी बर राहिली आहे. त्याहून खरी परीक्षा पिकलेल्या टोमॅटोची: सालीवर पातं नुसतं ठेवून ओढलं की आत गेलं पाहिजे, दाबायला लागता कामा नये.

टोक मोडलं असेल तर पाठीच्या बाजूने घासून नवं टोक काढा, धारेच्या बाजूने कधीच नाही. मिटलेल्या चाकूत धार आत आणि पाठ बाहेर असते. धारेकडून घासलं की टोक पाठीकडे सरकतं, मिटल्यावर मुठीबाहेर डोकावतं आणि खिशात हात घातला की बोट कापतं.

लेदरमन वेव्ह ही वेगळीच जात. वजन २४१ ग्रॅम, म्हणजे चार स्पार्टन. सुती पँटच्या खिशात ठेवली तर खिसा गुडघ्याकडे निघतो, म्हणून ती कमरेच्या पाउचमध्येच बरी. पाउच चामड्याचा असेल तर पावसाळ्यात रात्री हत्यार बाहेर काढून ठेवा. ओलं चामडं रात्रभरात सांध्यांवर तांबेरा आणतं.

साधं पातं, दातेरी पातं, करवत आणि कानस ही चारही बाहेरच्या बाजूला. पक्कड न उघडता एका हाताने उघडतात आणि खटक्याने पक्की बसतात. खटका झिजला का हे बघायला पातं उघडून खटक्याची पट्टी कुठे टेकली ते पाहा. पात्याच्या बुंध्याच्या मध्याजवळ टेकली असेल तर अजून बरीच वर्षं आहेत. पार पलीकडच्या कडेला पोचली असेल तर खटका संपत आला. पाठीवर हलका दाब देऊन बघा, आपटून नव्हे.

वेव्हचा खरा पुरावा पक्कडीच्या तार कापायच्या भागात असतो. २०१८ मध्ये वेव्ह प्लस आली आणि हा भाग बदलता येण्याजोगा झाला. त्याआधीच्या वेव्हमध्ये तो पक्कडीचाच भाग आहे, खळगा पडला की कायमचा. द्राक्षमंडपाची ताणाची तार या पक्कडीने कापू नका. जाडीपेक्षा तिचा कडकपणा घात करतो. तारेला कानसेने गोल खाच पाडून मागेपुढे वाकवली की ती स्वतःच तुटते. बांधायची मऊ तार, ठिबकचा १६ मिलिमीटरचा लॅटरल (बागेतली पाण्याची नळी), नायलॉनची सुतळी, एवढ्याला वेव्ह हवी तेवढी राबवा. लॅटरल साध्या पात्याने ओढून कापा. दाबून कापला तर तोंड चपटं होतं आणि जॉइनर गळतो. वीजवाल्यांसाठी एक वाक्य: मुठी उघड्या पोलादाच्या आहेत, चालू लाइनला ही पक्कड लावायची नाही.

स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत वेव्ह थोडी डोकं खाते. तिचे बिट चपटे, कंपनीच्याच मापाचे. हार्डवेअरच्या दुकानातला षटकोनी बिट थेट बसत नाही, वेगळा जोड घ्यावा लागतो. चौफुलीचं टोक गोल झालं तर बिट काढून उलटा बसवायचा मोह आवरा, दुसरं टोक सपाट असतं. दातेरी पात्याला धार लावायला गोल काडीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि ज्या बाजूला उतार आहे त्याच बाजूने प्रत्येक खाच घासा. सपाट बाजूला फक्त बर काढण्यापुरता एक हात. जुनी वेव्ह घेताना मुठीच्या आत कोरलेला आकडा बघा, त्यावरून बनवल्याचा महिना आणि वर्ष कळतं. कंपनीची वॉरंटी २५ वर्षांची आहे, पण नग बदलून मिळेपर्यंत लागणारा वेळ आणि कुरिअर धरून हिशेब करा.

बागेत वापरणाऱ्यांनी बोर्डोकडे लक्ष द्या. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी सांध्यात सुकलं की स्पार्टनच्या आतले ॲल्युमिनिअमचे पत्रे पांढऱ्या भुकटीने फुगतात आणि पातं जड चालायला लागतं. ओपिनेलच्या कार्बन पोलादाच्या पात्यावर तर तांबूस थर चढतो आणि खाली खड्डे पडतात. फवारणीच्या दिवशी चाकू घरी ठेवा, किंवा संध्याकाळी लगेच धुवा. त्याच चाकूने फळ कापायचं नाही हे सांगायला नकोच.

धुणं तिन्हींचं वेगळं. स्पार्टन आणि वेव्ह कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून, पाण्यातच प्रत्येक हत्यार वीसेक वेळा उघड-मीट करा आणि जुन्या टूथब्रशने सांधे घासा. खिशातला कापूस तर निघतोच, पण त्याच खिशात पुडी ठेवणाऱ्यांच्या चाकूतून तंबाखू आणि चुन्याचा जो लगदा निघतो तो बघण्यासारखा असतो. पूर्ण वाळवून सांध्यात तेलाचा एकच थेंब. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, महिनाभरात त्याचा चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल चालतं. खाण्याला वापरत असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या.

ओपिनेल मात्र पाण्यात बुडवायचा नाही. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ बीचच्या लाकडाची, आणि ते लाकूड पाणी पितं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात दोन दिवस फिरला की मूठ फुगते, पातं आत अडकून बसतं. मग नख घालून ओढत बसू नका. पातं जागेवर धरणारी फिरती कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. कोरड्या उन्हाळ्यात मूठ सुकली की सांध्याच्या फटीत जवसाचं तेल लावून दोन दिवस मुरू द्या, पुढच्या पावसात त्रास निम्म्यावर येतो. कार्बनचं पातं कांदा-लिंबू-द्राक्षं कापून निळसर काळं पडतं, त्याला गंज समजून घासू नका. गंज तांबडा असतो आणि बोटाला लागतो. हा सोस नको असेल तर स्टेनलेसचं मॉडेल घ्या. धार थोडी कमी गोड, डोक्याला ताप मात्र नाही.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि हे तिन्ही त्याच्या कितीतरी आत आहेत. पण पोलिस आयुक्तालय सणावाराला, मोर्चाच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश काढतं. तेव्हा, आणि सिंहस्थाच्या गर्दीत तर नक्कीच, चाकू घरी. ओझरहून विमान असेल तर चाकू चेक-इन बॅगेत जातो, केबिन बॅगेत नाही. स्पार्टन बहुतेकांच्या किल्लीच्या जुडग्यातच असतो, तेवढा आदल्या रात्री कडीतून काढून ठेवा.