गाडी अडली तर कुणाकडं जायचं: गावचा मिस्त्री, कंपनीचं सर्व्हिस सेंटर की कोल्हापूरचं उद्यमनगर?

राधानगरी, भुदरगड, गगनबावडा भागात गाडी अडली की नुसती गाडी अडत नाही. सकाळच्या टेम्पोतलं दूध नासायला लागतं, तोडलेल्या उसाचं वजन घटायला लागतं. म्हणून दुरुस्ती कुठं स्वस्त, याच्या आधी गाडी कुठं लवकर चालू होईल, ते बघावं.

तसं बघितलं तर पहिला फोन गावच्या मिस्त्रीलाच. तो जाग्यावर येतो. ट्रॅक्टरचं डिझेल संपून लाइनमध्ये हवा धरली, तर तो फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करतो आणि हातपंप मारत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे कमी होतात, सलग डिझेल आलं की स्क्रू आवळतो. एवढ्या कामासाठी ट्रॅक्टर टोचन करून शहरात नेणं म्हणजे दिवस वाया. क्लच वायर, पंक्चर, बॅटरीचं गंजलेलं टर्मिनल, उडालेला फ्यूज, फुटलेला होज पाइप, सगळं त्याच्याच हातचं. अडचण पार्टची. पक्कं बिल क्वचित मिळतं, म्हणून नव्या पार्टचं खोकं बघावं आणि जुना पार्ट मागून घ्यावा. आणि त्याची उधारी थकवू नये. रात्री पावसात बांधावर येणारा दुसरा कुणी नाही.

नव्या गाड्यांचं गणित मात्र वेगळं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम आला आणि बहुतेक दुचाकींतही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय खरं कारण कळत नाही. अंदाजानं एकेक सेन्सर बदलत बसलं तर सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त खर्च होतो. वॉरंटी चालू असेल तर इंजिन किंवा वायरिंग बाहेर उघडूच देऊ नये, पुढं क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. सर्व्हिस सेंटरचा तोटा म्हणजे अंतर, नंबर लावणं आणि लहान दोषालाही अख्खी असेंब्ली बदलायचा सल्ला. जॉब कार्डवर सही करण्याआधी इस्टिमेट लिहून घ्या.

कंपनीची किंवा विम्याची रोडसाइड मदत कागल ते किणी हायवेवर कामाला येते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा नंबरही आहे. पण घाटात रेंज नसली तर फोनच लागत नाही, आणि गाडी नेणारा ट्रक शहरातून येईपर्यंत वेळ जातो. किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात, ते पॉलिसी घेतानाच विचारावं. चंदगडकरांनी तर बेळगावचाही विचार करावा, त्यांना ते कोल्हापूरपेक्षा जवळ आहे.

उद्यमनगरची वाट इंजिन खोलायची वेळ आली तरच धरावी. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, लेथचं काम करणारे हात तिथं आहेत. जुन्या ट्रॅक्टरचं किंवा जीपचं इंजिन नवं घेण्यापेक्षा तिथं बांधून घेणं मला केव्हाही पटतं. घाई असेल तर मात्र ही वाट नको.

एका प्रसंगात मिस्त्रीला थांबवा: गाडी पुरात बुडाली तर. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर आपल्याकडं हे वेगळं सांगायला नको. पाणी ओसरलं म्हणून सेल मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर असं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत. बॅटरीची वायर सोडा, पाण्याच्या पातळीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एकही नट खोलू देऊ नका. मग गाडी टोचन करूनच सर्व्हिस सेंटरला न्या.

वॉरंटी संपलेली पिकअप असेल तर आपल्या पट्ट्यात कोणत्या गॅरेजकडं तुमच्या मॉडेलला चालणारा स्कॅनर आहे, ते गाडी धड असतानाच विचारून ठेवा. काही तरुण मिस्त्र्यांनी तो घेतलाय. तसं गॅरेज जवळ असेल तर शहराची फेरी बऱ्याचदा वाचते.