प्राणी नैतिकता समितीचे कामकाज शिकताना: बाहेरगावची कार्यशाळा की जागेवरचा सराव?

सोलापुरातील एखाद्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीचे, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीचे, कामकाज सांभाळणाऱ्यांपुढे शिकण्याचे दोन मार्ग असतात: पुणे किंवा हैदराबादला जाऊन दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करणे, अथवा जवळच्या अनुभवी समितीच्या कार्यालयात बसून प्रत्यक्ष काम पाहणे. कार्यशाळेत १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे प्रयोगविषयक नियम सलगपणे समजतात आणि इतर संस्थांतील सहकाऱ्यांशी ओळखीही होतात.

तरीही माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. फॉर्म बीमध्ये, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीसाठीच्या अर्जात, ‘प्रत्येक गटात सहा उंदीर’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा सहाच का, चार का नाहीत, याचे संख्याशास्त्रीय कारण संशोधकाकडून मागून घ्यायचे आणि मगच प्रस्ताव बैठकीपुढे ठेवायचा, ही सवय व्याख्यान ऐकून अंगवळणी पडत नाही. पिंजऱ्यावरची चिठ्ठी आणि नोंदवहीतला आकडा ताडून पाहताना एक प्राणी कमी भरला, तर कोणाला आणि कसे विचारायचे, हेही प्राणिगृहात उभे राहूनच कळते. अर्थात, गोपनीयतेचे लेखी हमीपत्र दिल्याशिवाय दुसऱ्या संस्थेच्या फायली हाताळू नयेत. कार्यशाळेला पैसा अधिक लागतो, सरावाला वेळ.