लाइटरूम क्लासिकचा वॉटरमार्क: बाराबंदीवर नाव टिकतं का?

लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर वॉटरमार्कसाठी, म्हणजे फोटोवर आपलं नाव किंवा सही उमटवण्यासाठी, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजवर एडिट मेनूत ‘एडिट वॉटरमार्क्स’ उघडायचं आणि मजकूर किंवा सहीचं पीएनजी चित्र निवडून नावानिशी प्रीसेट (सेटिंग्जचा साठवलेला संच) सेव्ह करायचा. छाप एक्स्पोर्टच्या, म्हणजे फोटोची प्रत बाहेर काढण्याच्या, वेळीच बसते, कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइलला धक्का लागत नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत या साधनाचा कस लागतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जिकडेतिकडे पांढऱ्या बाराबंद्या (बंदांनी बांधायचे पारंपरिक अंगरखे), त्यावर पांढरं नाव गायबच होतं. मजकुराच्या वॉटरमार्कला शॅडो देता येते, तेवढ्याने भागतं. पीएनजीला ती सोय नाही, म्हणून सही बनवतानाच सावली घालून घ्यावी. पार्श्वभूमी पारदर्शकच हवी. जेपीजी वापरलं की पांढरा चौकोन चिकटलाच. फिरवणं फक्त ९० अंशांत, त्यामुळे तिरकी छाप हवी असेल तर पीएनजीच तिरकी करावी लागते. हे जरा कंजूषपणाचंच.

आडव्या फोटोत नेमकी बसलेली सही उभ्यात वेगळ्याच मापाची दिसते. दोन प्रीसेट ठेवा. आधी दोन-चार फोटो निवडून एडिटर उघडला, तर बाणांनी प्रत्येकावर छाप पाहता येते.

कोपऱ्यातली छाप ही ओळख, कुलूप नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या काळविटाचा फोटो घ्या: कोपऱ्यात नुसतं गवत, फोटोशॉपमध्ये नाव पुसायला काही सेकंद पुरतात. सोशल मीडियासाठी ४० ते ५० टक्के ओपॅसिटी (छाप किती ठळक ते) आणि काठापासून थोडं आत, एवढं पुरे. लग्नाचे, ग्राहकाला निवडीसाठी पाठवायचे फोटो मात्र लांब बाजू १२०० पिक्सेल ठेवून, छाप मधोमध, चेहऱ्यांना चाटून जाईल अशी, २५-३० टक्क्यांवर. पैसे पूर्ण मिळाल्यावर दिलेल्या फाइलवर छाप नको. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहक असतो. तिथे स्टुडिओच्या नावापुढे कॉपीराइटचं चिन्ह मिरवणं चुकीचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘एक्स्पोर्ट विथ प्रीव्हियस’ची. आधीचीच सेटिंग्ज लागू होतात, म्हणून इन्स्टाग्रामनंतर लगेच अल्बम काढला की छपाईच्या लॅबला छापासकट फाइली जातात. लॅबसाठी वॉटरमार्कची खूण काढलेला स्वतंत्र एक्स्पोर्ट प्रीसेट करून ठेवा आणि अल्बमच्या वेळी तोच निवडा.