पाद्रोन १९६४: एक सुकलेली, एक मुरलेली

पाद्रोन १९६४ ॲनिव्हर्सरी सिगार, एक्स्क्लुझिव्हो साइझ, माडुरो म्हणजे गडद पानाची. एप्रिलच्या शेवटी पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून दोन घेतल्या, दोन्ही एकाच बॉक्समधून काढून दिलेल्या, दोन्हींचे मिळून साडेसहा हजार मोजले आणि बायकोला सांगताना त्यातलं एक शून्य गिळलं. पहिली त्याच संध्याकाळी ओढली, ती इतकी बेकार निघाली की अर्ध्यात टाकून दिली. दुसरी सात आठवड्यांनी ओढली आणि ती मी आजवर ओढलेल्या सगळ्या सिगारमध्ये पहिल्या नंबरची. म्हणजे तीच कंपनी, तोच बॉक्स, तोच ओढणारा येडा, आणि फरक जमीन-अस्मानाचा. म्हणून म्हटलं दोन्हींचं लिहावं.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात, कारण आपल्याकडे सिगार म्हटलं की लोक डायरेक्ट क्यूबाच म्हणतात. ही निकाराग्वाची. कंपनी काढणारा पाद्रोन मूळचा क्यूबाचाच माणूस, पिनार देल रियो भागातला, क्रांतीनंतर देश सोडून मायामीला आला, तिथे सुतारकाम केलं, त्यातून साठवलेल्या ६०० डॉलरवर १९६४ मध्ये सिगारचा धंदा टाकला. त्याच्या सुतारकामाच्या छोट्या हातोड्याचं कंपनीला आजपण कौतुक आहे. १९७० मध्ये काम निकाराग्वात एस्तेली गावी नेलं, १९७८ मध्ये तिथल्या यादवीत फॅक्टरी जळाली, मग १९८५ ला अमेरिकेने निकाराग्वाच्या मालावर बंदी घातली, एवढं सगळं झेलून १९९४ ला धंद्याच्या तीस वर्षांनिमित्त ही सिरीज काढली. म्हणून नावात १९६४. पाला तेव्हाचा नाही हां, दुकानातल्या पोराने मला तसं पटवायचा प्रयत्न केला होता! पाला चार वर्षं मुरवलेला असतो, तेही काही कमी नाही.

दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही, गल्लीपण सांगत नाही. काचेचं कपाट, आत ट्यूबलाइट, कोपऱ्यात वाळून खडंग झालेला स्पंजचा तुकडा, आणि आर्द्रता दाखवायचं एक गोल घड्याळ ज्याचा काटा बरोबर ७० वर. मी कपाटाचं दार दोन मिनिटं उघडं धरून उभा राहिलो, एप्रिलची दुपार, बाहेर अंगावरचा घामसुद्धा वाळतोय, काटा ७० वरच. तिथेच समजायला पाहिजे होतं. पण हातात सिगार आली होती आणि अक्कल घरी राहिली होती. त्यातल्या त्यात एक केलं, माल खरा आहे का ते बघितलं. ह्या सिरीजला दोन पट्ट्या असतात आणि खालच्या पट्टीवर प्रत्येक सिगारचा वेगळा नंबर छापलेला असतो, नकली माल फार निघाला म्हणून त्यांनी ते सुरू केलं. दोन्हींचे नंबर वेगवेगळे होते. माल खराच होता, वाट लावली होती ती ठेवणाऱ्याने.

घरी आलो तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या आटपून निघत होत्या. मावशी सोलापूरच्या. लग्नाआधी आई आणि बहिणींबरोबर घरी बसून विड्या वळायच्या, दिवसाला हजारचं टार्गेट असायचं. टेबलावर सिगार बघून म्हणाल्या, "ही केवढी ओ दादा बिडी?" दिली हातात. त्यांनी काय करावं, तर ती कानाजवळ नेली आणि अंगठा नि बोटात हलकीच दाबली. बारीक कर्रर्र असा आवाज आला. "वाळलीय की ही. पान तडकतंय बघा. आमी पान रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो, सकाळी मऊ झालं की मगच कात्री लावायची." मग टोक बघून, "दोरा कुठंय?" म्हटलं दोरा नसतो, वर पानाचीच छोटी टोपी डिंकाने चिकटवतात. ते त्यांना बिलकुल पटलं नाही. दुसरी हातात घेतली, तीपण दाबली, ही जरा बरी म्हणाल्या, आणि पहिलीकडे बोट करून, "ही छाट." छाट म्हणजे विडी कारखान्यात नापास करून बाजूला टाकलेला माल.

मी हसलो आणि रात्री गच्चीत जाऊन नेमकी तीच पेटवली.

कटर लावल्या लावल्या टोपीपासून खाली तडा गेला. दहाव्या मिनिटाला वरचं पान सालीसारखं सुटायला लागलं, एका बाजूने जळतंय, दुसऱ्या बाजूने विझतंय, धूर गरम आणि तिखट, मिरचीची फोडणी करपल्यावर घशाला जे होतं तसलं. चव शोधायला गेलो तर जळका कागद. वाळलेला पाला भसाभस जळतो, भसाभस जळला की धूर तापतो आणि तापलेल्या धुराला कडूपणाशिवाय काही चव राहत नाही, ह्यात कंपनीचा काय दोष. अर्ध्यात कुंडीत खुपसली. सव्वातीन हजारातले दीड हजार तुळशीशेजारच्या कोरफडीला वाहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींना काही बोललो नाही, पण डबा शोधायला लागलो. पुण्यात सिगार ठेवायची तर हवेशीच भांडण आहे. सिगारला पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ती तिसाच्या खाली जाते, जुलैत नव्वदीकडे धावते. एकदा पापड, एकदा बुरशी. त्यात उन्हाळ्यात घरात पस्तीस डिग्री, आणि तंबाखूत गव्हातल्या टोक्यासारखाच एक किडा असतो, त्याची अंडी पाल्यात आधीपासून असू शकतात आणि उकाडा वाढला की किडे बाहेर पडून सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतात. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, दिसायला झकास पण महाग, आणि स्वस्तातला घेतला तर झाकणाच्या फटीतून सगळं उडून जातं. मी घेतला साधा चार बाजूंनी क्लिप लागणारा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, दोन दिवस उघडा ठेवून वास घालवला, आत आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर धरून ठेवणारं बोवेदा कंपनीचं एक पाकीट टाकलं आणि सिगार ठेवून कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, रजयांच्या मागे. घाईने ओलं फडकं वगैरे गुंडाळायचं नाही, ते विडीच्या एका पानाला चालतं. सिगारमध्ये आतला पाला आधी फुगतो आणि वरचं पान फाटतं. हळूहळूच मुरू द्यायची, लोणच्यासारखी. एक मात्र खरं, वर्षभर वाळवंटात पडलेली असती तर तिच्यातलं तेलच उडून गेलं असतं आणि मग डबा काय, देवसुद्धा काही करू शकला नसता. माझी थोडक्यात वाचली.

जूनचा तिसरा आठवडा. दोन दिवस पडून पाऊस थांबलेला, संध्याकाळी सहाची वेळ, गच्चीवरच्या पत्र्याखाली खुर्ची. डबा उघडला आणि आधी वासच आला, गोठ्यातल्या ओलसर कडब्याचा, त्यात कोको पावडरचा डबा पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो वास. रॅपर गडद, जवळजवळ काळ्या खजुराच्या रंगाचा आणि तसाच तेलकट. माडुरो म्हणजे हेच, वरचं पान जास्त वेळ आणि जास्त उष्णतेत आंबवलेलं, त्याने रंग चढतो आणि गोडसर होतं. आकार चौकोनी, कारण ही दाबून बसवलेली असते, गोल नाही, दोन बोटांत अशी बसते की घरंगळायचा प्रश्नच नाही. लांबी साडेपाच इंच, जाडी ५० रिंग, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०. आधी दाबून बघितली, मावशींसारखी, कानाजवळ नेऊन. आवाज नाही. आतून कापसासारखी, पण भरलेली.

कटर टोपीच्या रेषेच्या वरच चालवला, अगदी पातळशी चकती काढली. न पेटवता ओढली तेव्हा मनुका आणि सागवानी कपाटाच्या आतला वास, दोन्ही एकदम. मग जेट लायटरने पुढचं तोंड लांबूनच शेकलं, फुलका गॅसवर धरतो तसं, ज्वाला टेकवायची नाही, कडा लाल झाल्या की मग ओढायची. धूर छातीत घ्यायचा नाही हे एकदा सांगून ठेवतो कारण आपले सिगारेटवाले मित्र हमखास तिथेच मरतात, खोकत बसतात आणि सिगारला नावं ठेवतात. तोंडात खेळवायचा, थोडासा नाकातून सोडायचा, मिनिटाला एक झुरका, बस.

पहिली पाच मिनिटं काळी मिरी. नाकातून सोडला तर शिंक यावी इतकी. मग एकदम कोणीतरी गॅस बारीक केल्यासारखी मिरी मागे गेली आणि पुढे आलं काय तर भाजलेले शेंगदाणे. साल काढून फुंकर मारल्यावर ताटात जो वास राहतो ना, तो. त्याच्या खाली कॉफी, आपली चिकोरीवाली फिल्टर कॉफी, आणि जिभेच्या मागच्या बाजूला गुळाचा पाक जरासा पुढे गेल्यावरचा गोडकडूपणा. साखर नसलेली गोडी आहे ही, सांगून कळणार नाही. वीस-पंचवीस मिनिटं हे तिन्ही आळीपाळीने येत राहिले, आणि मी मोबाइलला हात लावला नाही, हे बायकोनेच नंतर सांगितलं.

ह्यातला सगळा पाला निकाराग्वाचाच आहे, आतला, मधला, वरचा, सगळा. अशा सिगारला पुरो म्हणतात. बऱ्याच निकाराग्वन सिगारचं वरचं पान बाहेरचं असतं, उदाहरणार्थ ओलिवा सिरी व्ही, जी मी आधी दोन-तीनदा ओढलीय आणि पैशाच्या मानाने मला आवडतेपण, तिचं रॅपर इक्वेडोरचं. निकाराग्वातसुद्धा एस्तेलीच्या काळ्या ज्वालामुखीच्या मातीतला पाला दणकट, हालापा खोऱ्यातला गोडसर, कोंदेगाचा मधला. आणि झाडाच्या शेंड्याकडची पानं, लिगेरो म्हणतात, त्यांना ऊन सगळ्यात जास्त लागतं म्हणून ती सगळ्यात तेज, सावकाश जळणारी, म्हणून ती मधोमध भरतात. तिकडे कारखान्यात जोडीने काम चालतं, एक जण आतला जुडगा बांधतो आणि दुसरी बहुतेक बाई असते ती वरचं पान चढवते. हे मावशींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग कौतुक त्या बाईचं, दोऱ्याबिगर."

राख. पांढरट करडी, सव्वा इंच झाली तरी पडेना, मी मुद्दाम वाट बघत बसलो आणि शेवटी ती माझ्या लेंग्यावरच पडली. मध्ये एकदा एका बाजूने जळणं मागे राहिलं, लायटरने जरा टेकवलं, सरळ झालं. पावसाळी हवेत तेवढं चालायचंच.

नावं ठेवायची तर शेवटच्या भागाला. दोन इंच राहिल्यावर परत मिरी आली आणि बरोबर निकोटीनपण, बेताने नाही, धपकन. मी चहा-बिस्किटावर बसलो होतो हा माझा मूर्खपणा, सिगार जेवून ओढायची असते. कपाळाला घाम, गच्चीचा कठडा थोडासा तिरका दिसायला लागला. खिशात आलेपाकाच्या दोन वड्या होत्या त्या चघळल्या, पाच मिनिटांत माणसात आलो. साखरेने उतरतं हे खरंय, कुठलंही गोड चालतं, पण आलेपाक आणि त्या धुराची चव जी काय लागली ती अशी अपघातानेच कळायची. रमबरोबर ओढा म्हणून सगळे सांगतात, ओढून बघा, मला विचाराल तर बिनसाखरेची कॉफी आणि आलेपाक.

एकूण सव्वा तास चालली. वासाचं म्हणाल तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन खिडक्या धाडकन लावल्या, तिसरी लावताना "काय गं बाई हे" असं ऐकू येईल इतपत मोठ्याने म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडाला चुलीत रात्रभर झोपल्यासारखी चव होती. आणि शेवटी तंबाखू ती तंबाखू, चार वर्षं मुरवली आणि सोन्याची पट्टी लावली म्हणून तोंडाच्या कॅन्सरला काही फरक पडत नाही. आमच्या घरात एक काका तंबाखूच्या चंचीपायी गेलेत, त्यामुळे माझं वर्षाला दोनचं रेशन आहे आणि यंदाचं संपलं, त्यातली अर्धी कोरफडीने ओढली.

सव्वातीन हजाराच्या लायकीची आहे का? मुरलेली असेल तर हो, डोळे झाकून. अमेरिकेत हीच ह्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते, बाकी आपली ड्यूटी आणि टॅक्स, तो राग सिगारवर काढण्यात अर्थ नाही. पण दुकानातून उचलून त्याच दिवशी ओढणार असाल तर घेऊच नका, पाचशेची काहीतरी घ्या आणि उरलेल्या पैशात चांगलं जेवा. निदान घेताना कानाजवळ नेऊन हलकी दाबा. दुकानदार डोळे वटारेल, वटारू दे. सिगारला माझ्याकडून दहापैकी नऊ, एक मार्क त्या शेवटच्या धपक्याचा कापला. दुकानाला भोपळा.

पुढच्या वर्षीच्या दोन दुबईच्या मित्राला सांगून ठेवल्यात, तो दिवाळीला येताना आणेल, ह्यावेळी फिक्या रॅपरच्या, म्हणजे नॅचरल. डबा पुसून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवलाय, आणि मावशींनी एकदा त्यात मसुरीची डाळ भरली होती म्हणून झाकणावर चिठ्ठी चिकटवलीय.