भुसावळच्या उन्हात कूलर की एसी?

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे गेला की हा वाद घरोघरी रंगतो. मी गॅजेटवेडा माणूस, तरी माझं मत कूलरला.

कारण आपली हवा कोरडी. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. आर्द्रता १५-२० टक्के असेल तर ४५ अंशांची लू ओल्या गवतातून आत येईपर्यंत ३० च्या आसपास उतरते. एवढ्यासाठी खर्च काय, तर पंखा आणि छोट्या पंपाची मिळून दीडशे-दोनशे वॅट वीज. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅट घेतो. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसीचं नाव काढू नका.

फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावून ‘चिकचिक होतं’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते.

पाण्याचं मात्र खरं दुखणं आहे. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना टाकी भरायची कशी? त्यात बोअरचं पाणी जड. गवतावर पांढरा थर धरतो, मग हवा अडते.

आणि जूनमध्ये ढग दाटले की कूलर हरलाच. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो चार अंशही उतरवत नाही. तिथे एसीच हवा. घरात दम्याचं माणूस असेल तर धुळीसाठीही एसीच बरा.